कल्याणपुरम उर्फ यानम

हैदराबादेत नोकरीला असलेल्या मराठी माणसाची वीकएंडची यादी ठरलेली असते: बीदर, हंपी, श्रीशैलम. यानम त्यात नसतं. पण कधी तरी नकाशावर गोदावरीचं बोट धरून त्र्यंबकेश्वरापासून खाली खाली या. नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री... आणि समुद्राला मिळायच्या जरा आधी, आंध्राच्या पोटात एक ठिपका दिसेल. त्यावर लिहिलेलं असतं पुदुच्चेरी! खुद्द पुदुच्चेरी तिथून आठशेहून जास्त किलोमीटर लांब. गावाची भाषा तेलुगू, चारी बाजूंना आंध्र, पण आमदार निवडून जातो पुदुच्चेरीच्या विधानसभेत.

हे असं का? उत्तर फ्रेंचांपाशी आहे. १७२३ साली त्यांनी इथे वखार घातली. धंदा चालेना म्हणून चार वर्षांत गुंडाळली आणि १७३१ मध्ये परत उघडली. जागा मोक्याची होती. गोदावरीची गौतमी शाखा, तिला इथेच फुटणारा कोरिंगाचा फाटा, आणि आतल्या भागात कापड विणणारी गावंच्या गावं.

इथे आपल्या इतिहासाचा एक धागा लागतो. १७५३ मध्ये निजाम सलाबतजंगाने हा सगळा किनारी मुलूख (उत्तर सरकार म्हणतात तो) फ्रेंच सेनापती बुसीला फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला. याच बुसीच्या हाताखाली कवायती लढाई शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने लढला. म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळच्या शेतसाऱ्यावर पोसलेली विद्या पानिपतावर आपल्या कामी आली. असो, 'काका मला वाचवा'पर्यंत गेलो तर हा लेख संपायचा नाही.

फ्रेंचांचं हे वैभव जेमतेम पाच-सहा वर्षं टिकलं. १७५८-५९ मध्ये इंग्रजांनी उत्तर सरकार हिसकावला. त्यानंतर दर युरोपीय युद्धात यानम इंग्रजांनी घ्यायचं आणि तहात परत द्यायचं, हा खेळ चालू राहिला. अखेर १८१४ च्या पॅरिसच्या तहाने गाव फ्रेंचांना परत मिळालं, पण अट अशी की किल्ला बांधायचा नाही आणि पोलिसांपुरतेच शिपाई ठेवायचे. म्हणजे राज्य तुमचं, पण दात काढून. त्यात १८३९ च्या वादळाने शेजारचं कोरिंगा बंदर धुऊन नेलं. यानम उरलं ते फक्त नकाशावरची एक रेघ म्हणून.

आणि मला खरा रस आहे तो या रेघेत.

१ एप्रिल १९३० रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा लागू झाला. मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. मोडलात तर महिनाभर कैद, हजारापर्यंत दंड. कायदा मंजूर झाला होता १९२९ च्या सप्टेंबरात. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची अशी झुंबड उडाली, की १९३१ च्या जनगणनेतही ती दिसली. आमच्या घरातल्या एका पणजीचं लग्न त्याच लाटेतलं. वय वर्षं नऊ. 'कायदा येणार म्हणून उरकलं' एवढंच ती सांगायची.

ज्यांना त्या सहा महिन्यांत जमलं नाही, त्यांच्यासाठी गोदावरीकाठी यानम होतंच. तिथे कायदा फ्रेंचांचा, सारडाचा काही संबंध नाही. ब्रिटिश मुलखातली तेलुगू घरं वऱ्हाड घेऊन यायची, लग्न लावायची आणि परत जायची. इतकी लग्नं झाली, की गावाला नवं नाव पडलं, कल्याणपुरम. तेलुगूत कल्याणम म्हणजे लग्न. आजही गावाची माहिती देताना हे नाव कौतुकाने सांगतात. मला ते ऐकून त्या वऱ्हाडातल्या आठ-दहा वर्षांच्या पोरी दिसतात. दिल्लीत मोठी माणसं वर्षानुवर्षं भांडून तुमच्यासाठी कायदा करतात, आणि बाप बैलगाडी जुंपून तो तासाभरात ओलांडतो!

आमच्या भाषेत याला लूपहोल म्हणतात. त्यावर पॅचही आला. १९३८ च्या दुरुस्तीने ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर जाऊन लावलेलं लग्नही कायद्याच्या कक्षेत आणलं. पण तोवर आठ वर्षं गेली होती, आणि आठ वर्षांत एक अख्खी पिढी बोहल्यावर चढते.

१९४७ ला स्वातंत्र्य आलं, तरी यानमात फ्रेंच झेंडा होताच. १३ जून १९५४ रोजी यानमचेच सुपुत्र ददाला राफाएल रमणय्या यांच्या नेतृत्वाखाली आंदोलक गावात शिरले आणि त्यांनी कारभार ताब्यात घेतला. हे गृहस्थ पूर्वी फ्रेंचांच्याच पोलिसात होते. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंच वसाहतींचा प्रत्यक्ष ताबा भारताकडे आला, करारावर सह्या १९५६ ला झाल्या, आणि फ्रेंच संसदेच्या मंजुरीनंतर १६ ऑगस्ट १९६२ ला तो अमलात आला. ताब्यापासून कागदापर्यंत आठ वर्षं. आमच्या क्लायंटचं साइन-ऑफ बरं म्हणायचं.

त्या वेळी यानम सरळ आंध्रात घातलं असतं तर रेघ पुसली गेली असती. ती ठेवली. मग १९९५ मध्ये आंध्रात दारूबंदी आली, यानमात नव्हती. पुढचं सांगायला नको, दमणला जाणारे गुजराती आपण पाहिलेत.

गाव तसं छान आहे. २०११ च्या जनगणनेत वस्ती ५५,६२६. फ्रेंच काळातलं चर्च आहे, आयफेल टॉवरची एक नक्कलही उभारली आहे (बघितली नाहीत तरी चालेल). त्यापेक्षा संध्याकाळी गौतमीवरच्या बालयोगी पुलावर जा. हे बालयोगी म्हणजे लोकसभेचे अध्यक्ष, २००२ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, आणि त्यांच्या जागी आले आपले मनोहर जोशी. पुलाखालचं पात्र इतकं रुंद आहे, की रामकुंडातली गोदा ती हीच, हे नाशिककराला पटवायला जरा वेळ लागतो.