चर्चची शाळा आणि गांवची भाषा

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेनें नवापूर मागें टाकलें कीं थोड्याच वेळांत खांडबारा नांवाचें स्थानक लागतें. नंदुरबार जिल्ह्याचा हा मुलूख आदिवासींचा. २०११ सालच्या शिरगणतींत या जिल्ह्यांत दर १०० माणसांत ६९ आदिवासी आढळले. येथल्या घराघरांत मावची, कोकणी किंवा भिलीची एखादी बोली चालते. ही कोकणी डोंगरांतल्या कोकणा जमातीची. गोव्याची कोंकणी वेगळी. पहिलीच्या वर्गांत मास्तर बोलतात ती मराठी या मुलांस परकीच असते. वर्गांत मुक्यासारखा बसणारा मुलगा ओढ्याकांठीं गुरें राखतांना अखंड बोलत असतो, हें मीं अनेकदां पाहिलें आहे.

अशा गांवांत एखाद्या कॅथलिक संस्थेनें प्राथमिक शाळा चालवावयाची ठरविली, तर तींत काय काय शिकवावें? धर्मशिक्षण तेथें असणारच. त्यासाठींच तर संस्था शाळा काढते. परंतु त्याच्या भोंवतीं आणखी काय असावें, आणि ज्याचे आईबाप ख्रिस्ती नाहींत अशा मुलास तेथें उपरें वाटूं नये म्हणून काय करावें, हा खरा प्रश्न. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं मी आपणांस गोव्यास नेणार आहे. कारण आपल्या बाजूस कॅथलिक शाळेचा सर्वांत लांब अनुभव गोव्याच्या पदरीं आहे.

सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं गोव्यांत पाय रोंवल्यावर चर्चला जोडून गांवोगांवीं शाळा निघाल्या. अभ्यासक्रम तोकडाच होता. प्रार्थना व धर्माची प्रश्नोत्तरी, थोडें वाचन-लेखन, आणि चर्चमधील उपासनेसाठीं गायन. शिकविणारा बहुधा चर्चचा गायनमास्तरच असे. त्यास पोर्तुगीज भाषेंत ‘मेस्त्र’ म्हणत. हेतु सरळ होता. मुलांनीं ख्रिस्ती व्हावें व रविवारच्या उपासनेंत नीट सुरांत गावें.

याच काळीं साष्टी प्रांतांत एक इंग्रज जेझुइट पाद्री काम करीत होता. थॉमस स्टीफन्स हें त्याचें नांव. तो १५७९ सालीं गोव्यांत उतरला आणि १६१९ सालीं तेथेंच वारला. धर्मांतरित लोकांस जुन्या पोथ्या वाचण्याची बंदी झाली होती. पोथी ऐकण्याची संवय मात्र जाते कोठें? तिच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं द्या, अशी मागणी नव्या ख्रिस्ती मंडळींतूनच आली. स्टीफन्सनें ती मानली. सुमारें ११,००० ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ त्यानें मराठींत रचलें व तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापावें लागलें. लोकांच्या कानांत ओवी आधींपासून होती. पाद्र्यानें आपला विषय त्या ओवींत बसविला. कोंकणीचें त्यानें लिहिलेलें व्याकरणही त्याच्या मागें, १६४० सालीं, प्रसिद्ध झालें. शिक्षकानें मुलाच्या घरापासून आरंभ करावा हें तत्त्व आजच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मोठ्या थाटानें सांगितलेलें असतें. राशोलच्या त्या पाद्र्यास तें चारशें वर्षांपूर्वीं कळलें होतें. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें खरें. पण रीत शिक्षकाची होती.

पुढें वारें फिरलें. २७ जून १६८४ रोजीं गोव्याचा व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट यानें फर्मान काढलें कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें, आणि पाद्र्यांनीं व शाळामास्तरांनींही त्याच भाषेंत शिकवावें. तीन वर्षांत भाषा मरत नाहीं. कोंकणी घरांत जगली. परंतु ती चुलीपाशीं राहिली, आणि शिकलेल्या माणसास तिची लाज वाटूं लागली. १८५८ सालीं कुन्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें कोंकणीचा इतिहास लिहून तिची कड घेतली, तेव्हां मधल्या पावणेदोनशें वर्षांत काय गमावलें तें उघड झालें.

आतां त्याच शाळांची दुसरी बाजू पाहूं. गायन हा विषय केवळ उपासनेपुरता घातलेला होता. पण मुलें स्वरलिपि वाचूं लागलीं, व्हायोलिन वाजवूं लागलीं, आणि पोटासाठीं गोव्याबाहेर पडावें लागलें तेव्हां तीच विद्या त्यांच्या कामास आली. संस्थानिकांचे बॅंड, मुंबईचीं हॉटेलें, आणि पुढें सिनेमाचे वाद्यवृंद यांत गोमंतकीय वादक भरले. माजोर्ड्याचे अॅंथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायनमास्तरांचे चिरंजीव. मुंबईस येऊन त्यांनीं प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविलें आणि १९५८ सालीं हिंदुस्थानी रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून दाखविल्या. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अॅंथनी’ या चित्रपटांत त्यांचें नांव गाण्यांत आलें, तें आपल्या घरांतलीं मुलेंही गुणगुणतात. ज्या विषयास अभ्यासक्रमांत फारशी प्रतिष्ठा नव्हती त्यानें हजारों कुटुंबें पोसलीं. एवढें मात्र खरें कीं ही दीक्षा मुख्यतः मुलग्यांसच मिळाली. मुली बहुतांशीं बाहेरच राहिल्या.

कोणता विषय पुढें कोणाच्या उपयोगीं पडेल हें अभ्यासक्रम आंखणाऱ्यास कळत नाहीं. म्हणूनच त्यानें हात आंखडतां घेऊं नये, असें माझें मत आहे.

इंग्रजी अंमलांत १८५४ च्या वुडच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी मदतीची वाट मोकळी केली आणि त्यांच्या धर्मशिक्षणांत सरकार लक्ष घालणार नाहीं असें ठरविलें. पण गांवच्या शाळेंत काय शिकवावें हें सर्वांत स्पष्टपणें सांगितलें तें महात्मा जोतीराव फुले यांनीं. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं मोडी व बालबोध वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाचीं मूलतत्त्वें यांच्या जोडीला शेतीची माहिती, आरोग्य आणि नीति हे विषय मागितले. खेड्यांतला अभ्यासक्रम शहरापेक्षां लहान असला तरी चालेल, पण तो व्यवहारोपयोगीपणांत कमी नसावा, असें त्यांचें म्हणणें होतें. आमच्या तालुक्यांतल्या शाळेस ती यादी आजही पुरते. तींत फक्त बोलीची भर घालावी लागेल.

कायद्याची अडचण आतां नाहीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या कलम ३० नें अल्पसंख्याकांस शाळा चालविण्याचा हक्क दिला. कलम २८ नें मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेंत कोणाही मुलावर पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणाची सक्ति करतां येत नाहीं असें ठरविलें. १९५६ सालीं आलेलें कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याच्या सोयी करण्यास राज्यांस सांगतें.

तरी हें काम सोपें आहे असें कोणीं समजूं नये. १९९० सालीं गोवा सरकारनें अनुदान कोंकणी व मराठी प्राथमिक शाळांपुरतेंच ठेविलें, तेव्हां तेथील धर्मप्रांताच्या शाळा कोंकणीकडे वळल्या. पण मूल चर्चमध्यें कोंकणी प्रार्थना रोमन लिपींत वाची आणि शाळेचें पुस्तक देवनागरींत. शिवाय आईबापांस इंग्रजी हवी होती. २०११ सालीं इंग्रजी माध्यमासही अनुदान मिळालें. त्या पालकांस मी दोष देत नाहीं. ज्या भाषेंत नोकरी आहे तिच्याकडे गरीब माणूस वळणारच. फक्त इंग्रजी आणि घरची बोली यांत एकीचीच निवड करावी लागते हें मात्र मला पटत नाहीं.

खांडबाऱ्याकडे परत येऊं. तेथें पहिलीं दोन वर्षें मास्तरांनीं मुलांशीं त्यांच्या बोलींत बोलावें, गोष्टी त्याच भाषेंत ऐकाव्या, आणि मराठी वाचन हळूहळू सुरू करावें. मास्तरांस ती बोली येत नसेल तर गांवांतली एखादी शिकलेली सून हाताशीं घ्यावी. भात व नागलीचें शेत हाच निसर्गाभ्यासाचा वर्ग व्हावा. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें ऊसतोडणीस गुजरातेंत जातात. त्यांचीं मुलें परत आल्यावर राहिलेला अभ्यास त्यांस वेगळा शिकवावा, नापासाचा शिक्का मारूं नये. धर्मशिक्षणाचा तास शाळेच्या आरंभीं किंवा अखेरीस असावा, म्हणजे ज्यास बसावयाचें नाहीं त्यास सर्वांदेखत उठून जावें लागणार नाहीं. आणि गाण्याच्या तासांत मुलीही असाव्या, केवळ बाजाची पेटी नसावी.

आमच्या डोंगरांत पावरी नांवाचें फुंकून वाजविण्याचें वाद्य आहे. तें वाजविणाऱ्या म्हाताऱ्यास आठवड्यांतून दोन दुपारीं शाळेंत बोलवावें व त्याचें मानधन शाळेच्या खर्चांत धरावें. त्याच्यापाशीं शिक्षकाचें प्रमाणपत्र नाहीं, असें कोणी म्हणेल. माजोर्ड्याच्या मेस्त्राकडे तरी तें कोठें होतें?