ब्रॉडबँड जाळे आणि पर्यावरण

ब्रॉडबँड सेवेसाठी लागणाऱ्या केबल, मनोरे, एक्स्चेंज आणि घरोघरच्या राउटरमुळे हवा, जमीन व ऊर्जासाठ्यावर होणारा परिणाम. भारतात यातला सर्वांत चिंतेचा भाग मोबाइल मनोऱ्यांचा आहे. ग्रामीण भागात वीज वारंवार जाते. अशा वेळी मनोरे डिझेल जनित्रांवर किंवा बॅटऱ्यांवर चालतात. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. धूर आणि आवाज शेजारच्या घरांना सोसावा लागतो तो वेगळाच. दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये निर्देश काढले: २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील किमान ५० टक्के आणि शहरी भागातील २० टक्के मनोरे संकरित, म्हणजे अपारंपरिक ऊर्जा व वीजजाळे यांच्या जोडीवर चालावेत. दिशा योग्य होती, मुदत मात्र फार आशावादी.

प्रकाशतंतूची केबल ऊर्जेच्या बाबतीत तांब्याच्या तारेपेक्षा सरस ठरते. निष्क्रिय प्रकाशीय जाळ्यात एक्स्चेंज व घर यांच्यामध्ये विजेवर चालणारे उपकरण लागत नाही. खोदकामाने मात्र रस्ते उखडतात, झाडांची मुळे तुटतात. म्हणून जलवाहिनी, गटार आणि केबल यांची खोदाई एकाच वेळी करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

घरातला राउटर किरकोळ वाटतो. पण १० वॅटचा राउटर अखंड चालू राहिला तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खातो. विजेखेरीज कचऱ्याचाही प्रश्न आहे. मनोऱ्यांवरील निकामी शिसे-आम्ल बॅटऱ्या अनधिकृत भट्ट्यांत वितळवल्या गेल्यास शिसे माती-पाण्यात उतरते. त्याची सर्वाधिक झळ लहान मुलांना बसते.