माहेरचे लुगडे आणि गोधडी : बोदवड परिसरातील एका आहेराचा इतिहास

बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव काळ्या कापूस-जमिनीच्या प्रदेशात, भुसावळ-नागपूर लोहमार्गावर वसलेले आहे. खानदेशात सासुरवाशीण मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते आणि लुगडे-चोळी देऊन तिची पाठवणी करण्याची चाल जुनी आहे. हे लुगडे विरले तरी टाकून दिले जात नसे. त्याची गोधडी होई. मायेने दिलेली वस्तू अंथरुणात जमा झाली, म्हणजे तिचा मान गेला काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न होय.

गोधडीची घडण प्रथम पाहिली पाहिजे. रजईत किंवा लेपात पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत सहसा जुन्या वस्त्रांचेच थर असतात व ते धावदोऱ्याने एकत्र सांधलेले असतात. नऊवारी लुगड्याची चार पदरी घडी केली, तर सव्वादोन वार लांबीचे अंथरूण तयार होते. कापसाच्या मुलखातही कापसाऐवजी जुनी वस्त्रे वापरली जावीत, यामागे अर्थकारण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) खानदेशी कापसाचा भाव चढला, आणि १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. कापूस हे विकावयाचे पीक ठरले. घरात उरले ते विरलेले वस्त्र.

मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले असून त्यांत माता, पिता व बंधू यांनी दिलेल्या वस्तूंचा समावेश आहे. परंतु दागिना अडचणीच्या वेळी सावकाराकडे गहाण पडू शकतो. विरलेल्या लुगड्यावर कोणी कर्ज देत नाही. म्हणूनच ते बाईच्या हाती राहिले. त्याचे काय करावयाचे, हे तीच ठरवी.

या निर्णयांची नोंद दप्तरांत नसली तरी भाषेत आहे. लुगडे जीर्ण झाले की ते ‘धडुते’ होते. शाबूत भागाची गोधडी होते, किंवा तान्ह्या मुलासाठी झोळी बांधली जाते. उरलेल्या तुकड्याची घागरीखाली ‘चुंबळ’ होते, मग सारवणाचे ‘पोतेरे’. पीळ देऊन तेलात भिजविलेली चिंधी ‘काकडा’ म्हणून जळते. यांपैकी गोधडी, चुंबळ व काकडा हे शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती, १८५७) आढळतात. या भागातील बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या बोलीतही ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. त्याच नियमाने झोळीची ‘झोयी’ होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पैठणी पेटीत जपली जाते आणि संग्रहालयात पोहोचते. रोजच्या लुगड्याच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. तथापि पेटीतील वस्त्राला एकच नाव असते, तर वापरातील वस्त्राला प्रत्येक अवस्थेत नवे नाव मिळते. आईने दिलेल्या लुगड्याखाली नातवंडे निजतात, तेव्हा आहेराचा अनादर होत नसून त्याचा हेतूच पुरा होत असतो. आज बाजारी ब्लँकेट व प्लॅस्टिकच्या घागरी घरोघर आल्या आहेत. त्यांच्याबरोबर ही नावे मागे पडत आहेत. संग्रहालयात न पोहोचलेल्या वस्तूंचा इतिहास मुख्यतः शब्दांतच उरतो. म्हणून वृद्ध स्त्रियांच्या तोंडचे हे शब्द वेळीच टिपून ठेवणे अगत्याचे आहे.