दोन ऑर्डरींच्या मधला काळ

माझगावला 1774 साली छोटी सुकी गोदी झाली, ती जहाजांच्या डागडुजीसाठी. 1934 साली तिची ‘माझगाव डॉक’ ही कंपनी झाली आणि 1960 साली सरकारने ती ब्रिटिश मालकांकडून विकत घेतली. युद्धनौका घरी बांधायच्या तर यार्ड हाताशी हवं होतं. 1972 साली इथली ‘नीलगिरी’ नौदलात दाखल झाली. एवढं कुठल्याही गौरव-अंकात सापडेल.

खरी कसोटी पाणबुड्यांनी पाहिली. 1981 साली जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या कंपनीशी करार झाला: दोन जर्मनीतल्या कीलला बांधायच्या, दोन माझगावात. पाणबुडीच्या कवचाचं वेल्डिंग म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. सांध्याचा एक्स-रे निघतो. आत पोकळी दिसली की सगळं खरवडायचं आणि पुन्हा भरायचं, तेही अडचणीत आडवं होऊन. असे हात तयार व्हायला वर्षं जातात. 1992 मध्ये ‘शल्की’ आणि 1994 मध्ये ‘शंकुल’ दाखल झाली, तोवर हे हात तयार झाले होते.

पण पुढचं काम आधीच बुडालं होतं. 1987 साली या करारातल्या दलालीवरून संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशी लावली आणि त्यांनाच मंत्रिपद सोडावं लागलं. आणखी दोन पाणबुड्यांचा बेत बारगळला. दलाल नकोत, हे तत्त्व चोखच. मात्र भारतात बांधलेली पुढची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात आली ती डिसेंबर 2017 मध्ये. मधल्या 23 वर्षांत शिकलेली माणसं पांगली, निवृत्त झाली. नव्यांना ‘कलवरी’च्या फ्रेंच तंत्रावर पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

शस्त्रनिर्यातीचा वाद म्हणूनच गोदीतून वेगळा दिसतो. दिल्ली आकडे सांगते: 2013-14 मध्ये 686 कोटी, 2024-25 मध्ये 23,622 कोटी. यार्डाची गरज साधी आहे. नौदलाची एक ऑर्डर संपून दुसरी येईपर्यंत, परदेशी कामावर का होईना, हात चालू राहावेत. ‘कलवरी’च्या मालिकेतली सहावी पाणबुडी, ‘वाघशीर’, जानेवारी 2025 मध्ये दाखल झाली, म्हणजे तीच वेळ पुन्हा आली.

आणि विकायचं कोणाला? फेब्रुवारी 2024 मध्ये बंदर कामगारांच्या महासंघाने इस्रायलला जाणारी शस्त्रं चढवणार नाही, असं जाहीर केलं. त्याच वर्षी ही निर्यात थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, असं म्हणून. माझगाव डॉकने डेन्मार्कच्या कंपनीसाठी मालवाहू जहाजांचं काम घेतलंय, त्याला कोण हरकत घेणार? पाणबुडीला परदेशी गिऱ्हाईक आलं तर मात्र होकार-नकार संसदेत, देशाचं नाव घेऊन व्हावा. आज तो संरक्षण उत्पादन विभागाच्या परवान्यावर होतो.