मुंबई-पुणे मार्गावरील लैंगिक संसर्ग : पुरुषाच्या नोंदीचा इतिहास

बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली. तेव्हापासून कर्जत-खालापूरचा टापू मुंबई व पुणे या दोन शहरांशी बांधला गेला. पुढे रसायनीस रासायनिक कारखाने आले आणि घरापासून दूर राहणाऱ्या कामकरी पुरुषांची ये-जा वाढली. गुप्तरोग जडलेल्या पुरुषास ओळखीच्या गावातील दवाखान्यापेक्षा शहरातील अनोळखी दवाखाना जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होय. म्हणून अशा टापूतील पुरुषांच्या लैंगिक वर्तनाचा मागोवा मार्गाच्या दोन टोकांच्या शहरांतील दप्तरांतच घ्यावा लागतो.

या दप्तरांत पुरुष फार उशिरा येतो. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा मुंबईत १८७० पासून लागू झाला. त्यान्वये वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी होई. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषास कोणी हटकीत नसे. गरमी आणि परमा घरी नेणारा तोच, पण सरकारच्या लेखी रोगाचे मूळ स्त्रीच्याच ठायी होते. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. दृष्टी मात्र टिकली. भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीचा संसर्ग प्रथम उघडकीस आला, तोही मद्रास येथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ततपासणीतून.

पुण्यातील संशोधनाने या समजुतीस धक्का दिला. डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांस एचआयव्हीचा संसर्ग झालेला आढळला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा रोख स्पष्ट होता : एकनिष्ठ विवाहितेचा धोका तिच्या स्वतःच्या वर्तनात नसून पतीच्या वर्तनात होता. पतिव्रत्याचा उपदेश येथे निरुपयोगी ठरला.

तथापि पुरुषाकडे लक्ष वळले ते आरंभी भीतीपोटी. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या संसर्गित तरुणास कायद्याच्या आधारे चौसष्ट दिवस विलग ठेवण्यात आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. ज्या तपासणीचे फळ कोंडवाडा, ती तपासणी करून घेण्यास कोण येणार? लपलेला पुरुष ना सल्ल्याच्या कक्षेत येतो, ना औषधाच्या.

२००४ पासून सरकारी रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे विनामूल्य मिळू लागली. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर झालेल्या व पुण्याचाही सहभाग असलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. एका जोडीदाराकडून दुसऱ्यास संसर्ग गेल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झालेले २८ प्रसंग घडले. त्यांतील २७ औषध उशिरा सुरू केलेल्या गटात, तर लवकर सुरू केलेल्या गटात अवघा एक. यामुळे संसर्गित पुरुषाच्या धोक्याचे माप केवळ त्याचे चालचलन राहिले नाही. गोळ्यांचा नेम हेही माप झाले. रक्तातील विषाणू नियमित औषधाने तपासणीत न सापडण्याइतका घटला की लैंगिक मार्गाने एचआयव्ही पसरत नाही, हे आता सिद्ध आहे. जुन्या गरमी-परम्यास मात्र या गोळ्या अटकाव करीत नाहीत. तेथे निरोधच हवा.

२०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने संसर्गाची जाणीव असलेल्या व्यक्तीवर इतरांस संसर्ग होऊ न देण्याची वाजवी खबरदारी घेण्याचे कर्तव्य ठेविले आणि तिच्या गुप्ततेसही संरक्षण दिले. विशेषतः संसर्गित स्त्रीस मारहाणीची वा टाकून दिले जाण्याची रास्त भीती असेल, तर डॉक्टराने तिच्या जोडीदारास तिच्या संसर्गाची वार्ता देऊ नये, असेही त्यात नमूद आहे.