गाणं आपलं, मास्टर कुणाचा?

शहागंजातून बोलतोय, त्यामुळे मागे रिक्षांचे हॉर्न वाजणारच. आमच्या चमनाजवळ संध्याकाळी रॅप करणारी पोरं जमतात. हल्ली त्यांचा एकच प्रश्न असतो: "भाई, लेबलचा मेसेज आलाय. सही करू का?" म्हणून आज थोडा इतिहास.

2014 साली कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, आयपॅडवर 'आफत' केलं. मागे कंपनी नाही, स्टुडिओ नाही. 2015 मध्ये तो आणि अंधेरीचा डिव्हाइन 'मेरे गली में' घेऊन आले. बीट दिल्लीच्या सेझची, लेबल सोनी म्युझिक. मुंबईच्या गल्लीतलं रॅप देशभर पोचलं. पण नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

2019 मध्ये 'गली बॉय' आला आणि त्याच गाण्यात दोघांचे आवाज पुन्हा एकत्र ऐकू आले, सोबत रणवीर सिंग. या वेळी लेबल होतं झी म्युझिक कंपनी. म्हणजे बघा, गाणं एकच, पण रेकॉर्डिंग दोन आणि कंपन्याही दोन. त्याच वर्षी डिव्हाइननं स्वतःची 'गली गँग' कंपनी काढली. लेबलच्या पलीकडे पोचलेला माणूसही शेवटी स्वतःचं दुकान मांडतो, हे लक्षात ठेवा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. न्यूयॉर्कच्या 'डे ला सोल' या त्रिकुटाचा पहिला अल्बम 1989 मध्ये टॉमी बॉय लेबलवर आला. त्यात जुन्या गाण्यांचे तुकडे वापरले होते. परवानग्या घेतल्या त्या काळात इंटरनेटचा विचारच नव्हता. पुढे लेबलशी पैशांवरूनही फाटलं. शेवटी लेबल विकलं गेलं आणि 3 मार्च 2023 ला त्यांचे जुने अल्बम स्ट्रीमिंगवर आले. त्यांच्यातला ट्रुगॉय 12 फेब्रुवारीलाच गेला होता. अवघे 19 दिवस आधी!

आता कामाचं. गाण्यात हक्क दोन. शब्द आणि चाल हा एक, तो लिहिणाऱ्याचा. मूळ रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, हा दुसरा. तो कायद्यानं निर्मात्याचा, आणि तो 60 वर्षं टिकतो. 2015 च्या रेकॉर्डिंगवरचा हक्क 2075 संपेपर्यंत चालणार. तोवर तुम्ही आजोबा झालेले असाल!

पण 2012 ची दुरुस्ती आपल्या बाजूची आहे. राज्यसभेत जावेद अख्तरांनी ती लावून धरली होती. तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानंही काढून घेता येत नाही. तो हक्क फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट संस्थेला देता येतो. शिवाय करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच हुशार कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जग' हे शब्द आठवणीनं टाकतात. करारात आधी तेच शोधा.

तर पोरांनो, सही करू नका असं मी म्हणत नाही. सोनीशिवाय ते गाणं इतकं लांब पोचलं असतं का, सांगणं अवघड आहे. पण मास्टर कुणाचा, किती वर्षांसाठी, हे दोन प्रश्न सहीच्या आधी विचारा. नंतर विचारायला वकील लागतो.

भेटू पुढच्या भागात.