हंबरचा चिमटा, रॅलेचा सांगाडा

मोबाइल घरी ठेवा. हेल्मेट, गिअरची सायकल, पाण्याची बाटली, तेही राहू द्या. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकलींपुढे उभं राहून तुम्ही कधी फोटो काढले असतील, तर त्या सायकली तेवढ्या आठवून ठेवा. आज त्यांचेच अवयव सुटे सुटे हातात घ्यायचेत. नखांत ग्रीस जाईल, ते आठवडाभर निघणार नाही.

१९५८ चा मे महिना धरा. सकाळचे अकरा. विठ्ठलवाडी स्टेशनावर तुम्ही गाडीतून उतरताय आणि सदरा पाठीला चिकटलाय. तुम्ही पाय टेकवायच्या आत गोळ्या-बिस्किटांचं ताट सांभाळत एक सिंधी पोरगा तुमच्या काखेखालून डब्यात घुसतोसुद्धा. फलाटाच्या टोकाला जांभळांच्या पाट्या घेऊन बाया बसल्यात. पानाचा द्रोण घ्या, जीभ जांभळी करा, चला.

तुम्ही कोण, तेही सांगून टाकतो. राहायला बदलापुरात, कुळगावच्या बाजूला. नोकरी अंबरनाथला, विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात. मधे पाच मैल. पण गाड्या इतक्या विरळ, की एक हुकली की भोंगाही हुकला. नवी हर्क्युलिस घ्यावी म्हणून पगाराचं पाकीट उघडून बघा. बघितलंत? मिटा. सायकल विकत घ्यायची नाही, जमवायची. त्यासाठीच उल्हासनगरच्या कॅम्पात आलोय आपण.

रस्ता मुरमाचा. चप्पल आणि तळवा यांच्यामध्ये धूळ कायमची राहायला आलेली. दोन्ही बाजूंना लष्करानं बांधलेल्या लांबच लांब, बसक्या बराकी. सैनिक गेले, सिंधहून आलेली कुटुंबं आली, आणि एका बराकीत आता कितीतरी चुली पेटतात. खाटांवर पापड वाळत घातलेत, त्यांच्या राखणीला एक आजी काठी घेऊन कावळ्यांची वाट बघत बसलीय. नळावर बादल्यांची रांग. रांगेत सिंधीत कडाक्याचं भांडण चाललंय. भाषेचं अक्षर कळत नाही, पण बादली कुणी पुढे सरकवली ते तुम्हाला बरोबर कळतं. पकवान तळल्याचा तेलकट वास नाकात शिरतो, तोच शहाडकडून वारा येतो आणि त्यात रसायनाचा उग्र दर्प. नाकाला रुमाल फक्त तुम्हीच लावलाय, बरं का. काढा तो, लोक बघताहेत.

दुकान म्हणजे एका बराकीचा अर्धा व्हरांडा आणि पुढे ताणलेली ताडपत्री. वरून सांगाडे लटकतायत, खाली पत्र्याचे डबे: एकात वाट्या, एकात छर्रे, एकात नुसते नट. "साईं, अचो, अचो," मिस्त्री म्हणतात. शिकारपूरचे आहेत. एक खोकं तुमच्याकडे सरकतं, पाठोपाठ चहा. मदतीला आगरी पोरगा आहे, तो रॉकेलच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून फ्रीव्हील धुतोय.

आधी सांगाडा. घाईनं रंगावर जाऊ नका. सीटच्या नळीजवळ नंबर ठोकलेला असतो, त्यावर बोट फिरवा. तो कानशीनं घासून काढलेला असेल तर सांगाडा फुकट मिळाला तरी घेऊ नका, तो कुणाच्या तरी ओट्यावरून उचललेला आहे. तुमच्या वाट्याला आलेल्या रॅलेचा नंबर शाबूत आहे. मिस्त्री पुढच्या नळीला सुतळीचा वेढा घालतात, दोन्ही टोकं मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत ताणतात, आणि सीटच्या नळीपासून सुतळी दोन्हीकडे किती दूर राहते ते बोटानं मोजतात. एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला अर्धं बोट. म्हणजे ही सायकल कुठेतरी जोरात आपटलीय. सांगाडा दोन दगडांत अडकवून एक लोखंडी पहार, एक हुंकार, आणि पुन्हा सुतळी. आता सारखं.

खरी गंमत पुढे आहे. पायडलच्या एक्सलच्या वाट्या बसवायच्या, तर डब्यातली पहिली वाटी दोन आटे आत जाते आणि अडते. मिस्त्री तुमच्याकडे बघतात. तुम्ही जोर लावायला पुढे सरसावता आणि त्यांचा ग्रीसचा हात तुमच्या छातीवर येतो. जोर लावलात तर आटे मरतील. बहुतेक इंग्रजी सायकलींना तिथे इंचाला २४ आटे असतात, रॅलेवाल्यांचे मात्र २६. दिसायला वाट्या सारख्याच, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. शिवाय चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची, ती डावीकडे फिरवली की घट्ट होते. आज हौसेनं जुनी सायकल जुळवणारी मंडळी याच जागी अडतात आणि परदेशातून वाटी मागवतात. इथे आगरी पोरगा डबा जमिनीवर पालथा करतो, उकिडवा बसतो आणि एकेक वाटी नखानं चाचपतो. "ही नाय... ही पन नाय... ही घे!" वाटी सुळ्ळकन फिरत जाते. त्या आवाजाला दाद द्या, मिस्त्रीही देतात.

पुढच्या चाकाचा चिमटा हंबरचा मिळालाय आणि तो भलताच देखणा आहे: दोन्ही बाजूंना एकेक नळी असायच्या ऐवजी दोन-दोन. तुम्हाला वाटतं, आता पुन्हा आट्यांची मारामारी. पण नाही. हंबर १९३२ सालीच रॅलेच्या घरात गेली, त्यामुळे ही सोयरीक जुनीच आहे. चिमटा निमूट आत जातो. चेनव्हील मात्र बी.एस.ए.चं, तीन अक्षरं कापून काढलेली. मूळची ती बर्मिंगहॅमची बंदुका करणारी कंपनी, तिचा माल आता सैनिकांच्या बराकीत बसून तुमच्या सायकलला लागतोय. क्रँकमधून कॉटरची खीळ ठोकताना खाली लोखंडी नळीचा टेकू द्या, नाहीतर घाव छर्ऱ्यांना बसतो. कॉटर आधी कानशीवर घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत तुमचा चहा थंड होऊन त्यावर साय धरते.

दुपार. ताडपत्रीखाली हवा थांबलीय. कुठल्याशा हॉटेलातून रेडिओ सिलोन ऐकू येतंय, त्यावर हातोडीचा ताल. मिस्त्री जेवायला आत जातात आणि तुमच्यासमोरही एक जाड खरपूस कोकी आणि पापड येतो. नाही म्हणू नका, ऐकलं जाणार नाही.

जेवणानंतर चाक. मागच्याला ४० स्पोक, पुढच्याला ३२, इंग्रजी रोडस्टरची हीच रीत. मागे बसणारा माणूस, दुधाचे कॅन, तांदळाचं पोतं, सगळा भार मागच्या चाकावर, म्हणून तिथे तारा जास्त. पोरगा स्पोक एकमेकांवरून ओलांडत इतक्या सहज भरतो की तुम्ही चाकाकडे बघायचं सोडून त्याच्या बोटांकडे बघू लागता. मग आउट काढायचा: चाक फिरतं, मिस्त्री रिमजवळ खडूचा तुकडा धरतात, जिथे रिम बाहेर आलीय तिथे पांढरी रेघ उमटते. तिथली एक तार ढिली, समोरची घट्ट. पुन्हा फिरव. रेघ लांब होत जाते, आणि जेव्हा ती पूर्ण रिमभर उमटते तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा हसतात.

ब्रेकच्या सळ्या, ब्रूक्सची तडकलेली चामडी सीट (पुढचा नट आवळायचा, खालून तेल चोळायचं आणि बाकी आपल्या बैठकीवर सोडायचं), वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्बाइडचा दिवा. दिव्याचा हट्ट धरा. वरून थेंब थेंब पाणी पडतं, गॅस होतो, लसणीसारखा वास सुटतो आणि उजेड पांढराशुभ्र. बिनदिव्याची सायकल रात्री हवालदाराला दिसली, तर तो दोन्ही चाकांची हवा सोडतो आणि तुम्हाला पुढे चालत पाठवतो.

घंटीवरून मात्र वाद होतो. भाव ठरला दोन आणे. नवे पैसे आल्यापासून आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, तीनचे मात्र एकोणीस, चारचे पंचवीस. तुम्ही बारा ठेवता. मिस्त्री म्हणतात, साडेबारा होतात, तेरा द्या. तुम्ही म्हणता, सरकारच बारा म्हणतंय. "सरकार को घंटी बेचूँ क्या?" बाजूच्या दुकानातले दोघं मत द्यायला येतात. शेवटी बाराच, पण पावतीचा कागद तुमचा. तुम्ही खिशातून काडेपेटीचं वेष्टण काढून देता आणि मिस्त्री त्यावर उजवीकडून डावीकडे झरझर लिहितात. "आठ दिन बाद लाना," ते ओरडतात. "तार ढीला पड़ेगा."

बसा आता. कॅम्प पाचकडून अंबरनाथच्या दिशेनं निघा. पहिल्या वळणावर सायकल कुरकुरते, दुसऱ्यावर गप्प होते. समोर मलंगगडाची धूसर कड. वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचं शिवमंदिर लागतं. तिथल्या झाडांखालून जाताना पुरती दहा पायडलं अंग गार होतं आणि पुन्हा भट्टी. मग कारखान्याचं कुंपण, ओल्या लाकडाचा आणि मेणाचा वास, आणि भोंगा. फाटक उघडतं. शेकडो सायकली एकदम बाहेर लोटतात: घंट्या, शिव्या, हाका, डब्यांचा खडखडाट. तुम्ही उलट्या दिशेनं घुसलाय, तेव्हा वाजवा घंटी! वाजवा!

आवाज छान खणखणीत आहे. इतका, की पॅकिंग खात्यातला एक गडी जागीच थांबतो.

"अहो, जरा थांबा. ही घंटी कुठून आणलीत?"

तुम्ही उतरता. तो विचारायची वाट न बघता टोपण फिरवून काढतो. आतल्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं. "आमच्या मेव्हण्याची. गणपतीत कल्याण स्टेशनाबाहेरून सायकल गेली ती."

भोवती माणसं जमतात. तुम्ही सांगाड्याचा नंबर दाखवता, पण चर्चा घंटीची चाललीय. तुम्ही छाती पुढे काढून म्हणता, रीतसर बारा पैसे मोजलेत, पावती आहे! आणि वेष्टण उलगडून सगळ्यांसमोर धरता.

"काय लिहिलंय यात?"

तुम्ही घसा खाकरता. मागून कुणीतरी म्हणतं, "साहेब, आधी कागद सुलटा धरा."